पुढचं नाव घ्या

—गुरुवारच का, तर त्याला काही शास्त्र नाही बघ. बुधवारी संध्याकाळी लॉजच्या चादरी जातात, शुक्रवारी सकाळी दवाखान्याचे कोट येतात, मधे गुरुवारी हे टेबल रिकामं असतं—म्हणून गुरुवार. लोकांना वाटतं, काहीतरी बघून-सवरून ठरवलं असेल. कसलं काय! टेबल भिंतीला लावायचं, खुर्च्या मांडायच्या, झाली प्रार्थनेची खोली. तू आत ये ना, अशी दारात नको उभी राहूस. दारात उभं राहिलेलं माणूस मला नाही चालत—नाही, तसं काही नाही गं, उजेड अडतो. बस. ते स्टूल घे. गठ्ठा दे इकडे, बघू. अभ्रे, ओढणी, टॉवेल—टॉवेलला कुणी इस्त्री करतं का? नवी नवरी ती नवी नवरीच. आणि हे शर्ट? त्याचे? तो परवाच गेला ना? म्हणजे माणूस येणार पुढच्या वर्षी आणि शर्ट आज इस्त्रीला! लाजू नकोस, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही करायचे. दिवसभर जगाचे कपडे करायचे आणि शेवटी ह्यांचा एक शर्ट काढायचा, घडी मोडायची, इस्त्री फिरवायची, पुन्हा घडी. अंगात न घालता कॉलर फाटली त्या शर्टाची, इस्त्री खाऊन खाऊन. हस की, हसायचंच आहे. आणि हळू कशाला बोलतेस? आत हे आहेत म्हणून? ह्यांना नाही ऐकू जात. म्हणजे जातं, उजव्या कानाला जातं, पण हे बसतात ते डावा कान दाराकडे करून. डाव्या कानाशी ढोल बडवला तरी मान वळायची नाही. बोल तू मोकळेपणानं. नाहीतर मी बोलते, तू ऐक, माझी तोंडाची टकळी आणि हाताची इस्त्री बरोबरच चालतात.

तर सुरू कशी झाली म्हणून विचारलंस ना. सुरू केली काकूंनी. दुसऱ्या मजल्यावरच्या, ओळखत असशील—जिन्यात भेटल्या असतील, पांढरे केस, बारीक, कठड्याला हात न लावता चढतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या नोकरीला, आधीच्या काळी फोन जोडून द्यायच्या ना बायका, त्यातल्या. आवाज असा, की एकदा नाव उच्चारलं की पलीकडच्यानं फोन उचललाच पाहिजे. आमच्यात तेव्हा थट्टाच होती—देवाचा नंबर लागत नसेल तर काकूंना सांगा, त्या जोडून देतील. त्यांचा मुलगा एकुलता. सगळी इमारत त्याला उंट म्हणायची. उंच म्हणजे किती उंच, ह्या दारातून येताना मान वाकवायचा आणि सतत काहीतरी चघळत असायचा, शेंगदाणे नाहीतर काडी नाहीतर शर्टाची बाही. वडील लहानपणीच गेलेले. कॉलेजात मन रमेना, दिवसभर इथं बसायचा, तू बसलीस ना, तिथंच—आणि ह्यांच्या सुट्टीत ह्यांना सोडायचा नाही. गाडी कशी चालवता, चढावर गिअर कधी टाकता, बर्फात काय करता. हे फौजेत ड्रायव्हर. ट्रक चालवतात. चालवायचे. तर त्याच्या डोक्यात फौजच बसली. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त तो भरती होऊन प्रशिक्षण संपवून आला आणि नशिबानं म्हण की काय म्हण, ह्यांच्याच तुकडीत नेमला गेला, तेव्हा खाली आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, ‘तुम्ही आहात ना तिथं?’ एवढंच. आणि हे म्हणाले—माझ्या समोर म्हणाले, इथं, चहाचा कप हातात—‘काकू, काळजी सोडा. माझ्या शेजारच्या सीटवरून हलू देणार नाही त्याला.’

आणि नाहीच हलू दिलं. शब्दाचे पक्के आहेत हे.

तर दोघं गेले आणि पुढच्या गुरुवारी काकू खाली आल्या, म्हणाल्या, टेबल रिकामं आहे ना, बसू या का जरा दोघीजणी? बसलो. डोळे मिटले. त्यांनी दोन नावं घेतली, मोठ्यानं, त्या एक्स्चेंजच्या आवाजात, आणि म्हणाल्या, ‘सुखरूप घरी येऊ दे.’ मीही म्हटलं, सुखरूप घरी येऊ दे. झालं. दोन वाक्यांची प्रार्थना. चहा केला, प्यायलो, उठलो. मग औषधवाल्याच्या बायकोनं ऐकलं, तिचा भाऊ नौदलात आहे, ती यायला लागली. मग मागच्या गल्लीतली पोस्टातली बाई, तिची मुलगी फौजेत नर्स. मग ज्यांचं कुणीच नाही तिकडे तेही यायला लागले—हेडमास्तर यायला लागले, रिटायर झालेले, त्यांना बोलायला माणसं हवी होती. ते आल्यावर प्रार्थना जरा लांबली. आधी प्रस्तावना, मग प्रार्थना, मग आभार. औषधवाला तर बिनचूक घोरायचा. पण येत होती माणसं. खोली भरायची. ज्याच्या त्याच्या माणसाचं नाव काकूंनी घ्यायचं, सगळ्यांनी म्हणायचं सुखरूप घरी येऊ दे, मग काकू म्हणणार ‘पुढचं नाव घ्या’, की तिकडून कुणीतरी हळूच सांगायचं, की काकू ते मोठ्यानं घेणार. अगं, कुणी कुजबुजत नाव सांगितलं आणि काकूंनी ते घेतलं ना, की अंगावर काटा यायचा. ते नाव एकदम कुठंतरी पोचल्यासारखं वाटायचं. खरंच वाटायचं.

आणि खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते सगळं. लोक इतकं करायचे. दुधाच्या रांगेत मला पुढं काढायचे, ‘ह्यांचे यजमान सीमेवर आहेत.’ नळ गळायला लागला तर प्लंबर पान्हा घेऊन हजर, वर म्हणणार, वहिनी, तेवढीच देशसेवा. मी म्हणायचे, देशसेवा राहू दे, खालचा वॉशर नीट बसव. शाळेतल्या पोरांनी चित्रं काढून पाठवली—सगळ्या चित्रांत हे रणगाड्यावर उभे. ट्रक कुणी काढलाच नव्हता. ट्रकचं चित्र कोण काढतं? मी ती तिकडे पाठवली, तर ह्यांचा निरोप आला, उंट म्हणतोय, आपल्याला बढती मिळाली, रणगाड्यावर घेतलं. अशी मजा. तू आत्ता आहेस ना त्या मजेत आहेस. परवा गेला, अजून सगळे विचारतात, जेवलीस का, झोपलीस का, काही हवं का. घे. हवं ते मागून घे. लोकांना द्यायचं असतं, त्यांना कळत नसतं काय द्यावं, त्यांना जरा मदत करावी लागते.

बघ, ह्या बाहीची शिवण उसवलीय. टाका घालून देते, तशी नको नेऊस.

काय सांगत होते—हां. ते दिवस. त्या दिवशी काय होतं, दवाखान्याचे कोट होते म्हणजे शुक्रवार. खिडकी ही इथं, टेबल इथं, मी इथं. खिडकीतून मला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात, रस्ता वर आहे ना. ओळखते मी माणसं पायांवरून. पोस्टमन घासत चालतो, हेडमास्तर काठी टेकत येतात. तर दोन जोड बूट आले. काळे, चकचकीत, बरोबरीनं पडणारे. फाटकाशी थांबले. मला कळलं. अगं, कळतंच. सगळ्यांना कळतं, तुलाही कळेल—नाही, तसं नाही म्हणत मी, तुला कशाला कळायची वेळ येतेय. मी म्हणतेय, मला कळलं. मी इस्त्री खाली नाही ठेवली. कोटाची पाठ चालू होती, पाठ झाली की खांदे करायचे असतात. ते दारात आले. तू उभी होतीस तिथं. टोप्या काखेत. एकजण चांगला वयस्कर होता, साहेब असावा, आणि त्यानं विचारलं, ‘बाई, दुसरा मजला कोणत्या जिन्यानं?’

मी बोट वर केलं. असं. आणि ते गेले वर. आणि मी खांदे केले. दोन्ही खांदे, मग बाह्या, मग खिसा. वर काकूंच्या घराची घंटा वाजली ती मला ऐकू आली. दार उघडल्याचं ऐकू आलं. मग काही ऐकू आलं नाही. मी पुढचा कोट घेतला. एकही जळला नाही बघ त्या दिवशी, एकाला डाग नाही. आणि माझ्या डोक्यात काय होतं सांगू? काही नव्हतं. दुसरा मजला, दुसरा मजला, एवढंच. मी तळमजल्यावर राहते. माझ्या घरचं नाही. माझ्या घरचं नाही. मग तो साहेब खाली आला आणि म्हणाला, ‘तुम्ही अमक्यांच्या पत्नी ना? ते जखमी आहेत, पण जिवाला धोका नाही. त्याच गाडीत होते.’ त्यांनी बसायला सांगितलं मला. मी बसले नाही. मी त्यांना म्हटलं, ‘चहा घेणार?’ लोकांना वाटतं माणूस हंबरडा फोडतं. मी चहा विचारला. आणि घेतला हो त्यांनी. उभ्या उभ्या प्यायले बिचारे, त्यांनाही आणखी कुठं जायचं असेल.

रस्त्यात पेरलेलं होतं काहीतरी, त्यावरून चाक गेलं. डाव्या अंगाचं. डाव्या अंगाला तो बसलेला.

नाही, काकू रडताना मी नाही पाहिल्या. कुणीच नाही पाहिल्या. सगळं झालं, तो सन्मानानं आला, बंदुका झाडल्या, गर्दी लोटली, आणि मग आला गुरुवार. मला वाटलं, कुणी येणार नाही. आले सगळे. इतर वेळेपेक्षा जास्त. जिन्यापर्यंत माणसं. आणि काकू आल्या. आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. कुणी त्यांच्याकडे बघेना, सगळ्यांनी आधीच डोळे मिटून घेतले. मग हेडमास्तर उठले. चांगला माणूस गं, मनात काही वाईट नाही, पण बोलायची सवय. आधी ते उंटाबद्दल बोलले, छान बोलले, शाळेत त्यांच्याच हाताखाली होता तो. आणि मग म्हणाले, आज आपण आभारही मानले पाहिजेत, कारण आपली प्रार्थना फळाला आली, एवढ्या मोठ्या स्फोटातून आपला एक माणूस वाचला. आपला एक माणूस. माझ्याकडे हात केला त्यांनी. आणि लोकांनी—आता काय म्हणावं—लोकांनी माना हलवल्या. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला. औषधवाल्याची बायको म्हणाली, देवाची कृपा. मी तिथं बसलेली, काकू तिथं, मध्ये दोन खुर्च्या. दोन नावं एकाच तोंडानं घेतलेली, एकाच आवाजात, एकाच वेळी. एक फळाला आलं म्हणे. मग दुसऱ्याचं काय झालं? वाटेत सांडलं? हे मी नाही विचारलं. आणि काकू म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात—

‘पुढचं नाव घ्या.’

बस. एवढंच. आणि पोस्टातल्या बाईनं आपल्या मुलीचं नाव सांगितलं, तिला सांगवेना, पण सांगितलं, आणि काकूंनी ते घेतलं. स्वच्छ. सुखरूप घरी येऊ दे. मी पण म्हटलं.

मग हे आले. दोन महिने तिकडच्या दवाखान्यात काढून आले. टाके होते, बरगड्या मोडलेल्या, डावा कान गेला तो गेलाच. फाटकावर कापडी फलक लावला होता, ‘आमच्या शूर सुपुत्राचे स्वागत’. सुपुत्र म्हणजे तरी कोणाचा, ह्यांचे आईवडील जाऊन जमाना झाला. पण भावना बघायची. टाळ्या वाजल्या. मुलं दोन्हीकडे उभी केलेली. हेडमास्तरांनी भाषण केलं, ते ह्यांच्या डाव्या बाजूला उभे होते, ह्यांना अक्षर ऐकू गेलं नाही, हे आपले समोर बघत उभे. मग एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते बघ, ते वर. बंद आहे, सेल घालायचा राहिलाय. फोटो काढले. आणि मग सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले, म्हणजे आता हे काहीतरी बोलणार म्हणून, तर हे म्हणाले, ‘काकू कुठंयत?’ काकू तिथंच होत्या. फाटकाच्या आत, मुलांच्या मागे. त्या पुढं आल्या. ह्यांच्याकडे बघितलं, असं वरपासून खालपर्यंत, आपण परत आलेल्या सामानाकडे बघतो ना, काय काय आलं आणि काय नाही, तसं. मग ह्यांच्या बाहीवर काहीतरी लागलं होतं, धागा असेल, तो काढला आणि वर निघून गेल्या.

तेव्हापासून हे त्या खोलीत आहेत. म्हणजे येतात बाहेर, नाही असं नाही. आंघोळीला येतात, जेवायला येतात. जेवतात. झोपतात म्हणतात. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ लागू दे, वेळेला काय तोटा आहे. खाटेच्या कडेला बसतात, बूट घालून. मी म्हटलं, बूट तरी काढा घरात. काढले. थोड्या वेळानं बघते तर परत घातलेले. आणि डावा कान दाराकडे. काही सांगायचं तर मला पलंगाला वळसा घालून त्या बाजूला जावं लागतं, भिंत आणि खाट ह्यांच्यात एवढीशी फट, तिथं उभी राहून मी सांगते—जेवायला चला, पेन्शनचे साहेब येऊन गेले, औषध घेतलंत का. लोक अजून येतात हं. येतात, बिस्किटांचे डबे आणतात, आम्हाला तुमचा अभिमान आहे म्हणतात. हे उठून उभे राहतात, हात मिळवतात, थँक यू म्हणतात. आणि ते गेले की हात धुवून येतात. दर वेळी. साबण लावून.

आणि काकू रोज येतात. अगं हो ना, रोज! दुपारी, ह्याच वेळेला. माझ्याशी दोन शब्द बोलतात, पाणी पितात आणि आत जातात. दार लोटलेलं असतं, लावलेलं नसतं. पहिले कित्येक दिवस आतून आवाज नाही. मला वाटायचं, काय करत असतील दोघं? एकदा कपडे ठेवायचं निमित्त करून गेले तर त्या खुर्चीवर, हे खाटेवर, दोघंही खिडकीकडे बघत. खिडकीबाहेर काय आहे? शेजारच्या इमारतीची भिंत. बरं, त्या कुठल्या बाजूला बसतात? उजव्या. त्या फटीतच खुर्ची घातलीय त्यांनी. मला नाही सुचलं ते खुर्ची घालायचं.

आणि मग एक दिवस मला बोलणं ऐकू आलं. मी मुद्दाम नाही ऐकलं—ऐकलं. इस्त्री उभी करून ठेवली आणि दाराशी गेले. काकू विचारत होत्या, ‘काय करत होता तो तेव्हा?’ अशा आवाजात, जसं तू विचारशील, भाजी काय आणली. आणि हे बोलले. इतक्या महिन्यांत माझ्याशी एक सलग वाक्य नाही गं, आणि त्यांच्याशी बोलले. म्हणाले, ‘झोपला होता.’ म्हणाले, आदल्या दिवशी पहारा होता त्याचा, निघाल्या निघाल्या डुलक्या घ्यायला लागला, उंचीमुळं डोकं कशालाच टेकेना, शेवटी माझ्या खांद्यावर टेकलं. ‘रस्ता खराब होता काकू. त्याची झोप मोडू नये म्हणून मी गाडी हळू घेतली. पुढच्या गाडीच्या चाकोरीतून चाललो होतो, ती चाकोरी सोडायची नसते, पण चाकोरीत खड्डे होते. खड्डा चुकवायला मी जराशी बाजूला घेतली. जराशी. त्याची झोप मोडू नये म्हणून.’

मी दाराशी. मला वाटलं, आता काकू उठतील. आता काहीतरी होईल. ओरडतील, मारतील ह्यांना, काहीतरी. मी ठरवलं होतं, मारलं तर मध्ये पडायचं नाही. आणि काकू म्हणाल्या, ‘झोपला होता ना? नक्की?’ हे म्हणाले, नक्की. ‘घोरत होता?’ हे म्हणाले, थोडा. तर त्या म्हणाल्या, ‘लहानपणापासून घोरायचा. मग बरं झालं.’

मग बरं झालं. आणि बाहेर आल्या, माझ्या समोरून गेल्या, जाताना म्हणाल्या, इस्त्रीचं बटण चालू राहिलंय गं.

थांब, संपलं नाही. त्याच्या पुढचा गुरुवार. सगळे जमले. नावं सुरू झाली, औषधवाल्याचा मेहुणा, पोस्टातल्या बाईची मुलगी, पलीकडच्या बिल्डिंगमधला एक नवा मुलगा. आणि मग काकूंनी ह्यांचं नाव घेतलं. आमच्या ह्यांचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ‘सुखरूप घरी येऊ दे.’ कुणी म्हणेना मागून. म्हातारपण, दुसरं काय, पोराच्या दुःखानं भ्रमिष्ट झाली, असं सगळ्यांच्या तोंडावर. हेडमास्तर खाकरले. मग मलाच बोलावं लागलं. मी वाकून म्हटलं, ‘काकू, अहो, हे आलेत घरी. आत आहेत की.’ त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. भ्रमिष्ट? छे. माझ्याहून शहाणे डोळे. त्या मला म्हणाल्या, ‘आला का?’

टोमणा नाही गं. टोमणा असता तर मला कळला असता, मी सासूच्या हाताखाली आठ वर्षं काढलीयत, टोमणा मला दुरून कळतो. त्या विचारत होत्या. तुला ठाऊक असेल, आला का, तू रोज बघतेस. आणि मी—मी त्या दाराकडे बघितलं. मग काकूंनी परत डोळे मिटले, परत नाव घेतलं, परत म्हणाल्या, सुखरूप घरी येऊ दे. आणि ह्या खेपेला लोकांनी म्हटलं. आधी पोस्टातल्या बाईनं, मग सगळ्यांनी. माझ्या घरात बसून, त्या दाराच्या अलीकडे. मी सोडून सगळ्यांनी.

आता दर गुरुवारी घेतात. मी चहा टाकायला जाते तेवढ्यात.

मला? मला काय वाटतं? काही नाही वाटत. सगळे हेच विचारतात. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात बघ, मग ओठ आपलाच असतो, हातानं चाचपला की लागतो, पण पाणी प्यायला जावं तर बाजूनं ओघळतं आणि आपल्याला पत्ता नाही. तसं आहे. दुखत नाही. खरंच दुखत नाही. खाते, पिते, कपडे करते. उंटाची आठवण येते कधी कधी, दारातून कुणी वाकून आलं की. ह्यांची आठवण जास्त येते. ऐकायला विचित्र वाटतं ना? माणूस भिंतीपलीकडे बसलेलं आणि—जाऊ दे.

तू रडतेस का? अगं, मी तुला घाबरवायला नाही सांगितलं हे. तू विचारलंस, प्रार्थना कशी सुरू झाली, म्हणून सांगितलं. तोंड पूस. मी तुला जवळ घेतलं असतं, माझे हात गरम आहेत. तुझा येईल. नीट येईल, सगळ्यांचे येतात, बहुतेकांचे येतात, तू त्या बाकीच्यांचा विचार करायचा नाही. शर्ट उद्या संध्याकाळी ने. नाव काय म्हणालीस नवऱ्याचं? नको, थांब, मला नको सांगूस. मी नावं घेत नाही. जिन्यात पावलं वाजतायत, काकूच असणार, त्यांना सांग. पूर्ण सांग, वडिलांच्या नावासकट, त्या नीट घेतील. आणि ऐक—त्या विचारतील, काय मागू? तेव्हा नुसतं परत येऊ दे असं नको सांगूस. आम्ही तेवढंच मागितलं होतं. अख्खा येऊ दे म्हणावं. हसणारा, भांडणारा, ओला टॉवेल गादीवर टाकणारा, सगळा. एकेक सांग, विसरू नकोस, लाजू नकोस, लोक बसलेले असले तरी—

आल्या. ऊठ, स्टूल बाजूला घे, त्यांना आत जायला वाट दे. जा तू आता.